लिहून घेणारे हात

(एका सार्वजनिक वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते स्वतः वक्ते नव्हते. या वाचनालयाचं चिटणीसपद त्यांनी अनेक वर्षं सांभाळलं. इथे झालेल्या प्रत्येक व्याख्यानाचा सारांश ते एका लांबट हिशेबाच्या वहीत लिहून ठेवत. वक्त्याचं नाव, तारीख, मुख्य मुद्दे आणि शेवटी श्रोत्यांनी विचारलेले प्रश्न. प्रश्न विचारणाऱ्याचं नावही ते न चुकता लिहीत. आजच्या विषयाची निवड त्या वह्यांमुळे झाली. जीवन, समाज, सर्जनशीलता आणि श्रद्धा यांवर बोला, असं मला सांगण्यात आलं. या चारही गोष्टी मला एकाच ठिकाणी एकत्र आलेल्या दिसतात. कुणीतरी बोलतं आणि दुसरं कुणीतरी मन लावून ते लिहून घेतं, ते हे ठिकाण.

निर्मितीची आपली कल्पना एकट्या माणसाची आहे. कवीला स्फुरतं, तो लिहितो, आपण वाचतो. मराठी वाङ्मयाचा इतिहास मात्र वेगळं सांगतो. आपल्या भाषेतलं फार मोठं आणि फार मोलाचं साहित्य बोललं गेलं एकाच्या तोंडून आणि कागदावर आलं दुसऱ्याच्या हातून. तो दुसरा माणूस नसता तर पहिल्याचे शब्द हवेत विरले असते. त्या दुसऱ्या माणसाबद्दल आज मला बोलायचं आहे. ऐकून लिहून घेणारा माणूस निर्मितीत निम्म्याचा वाटेकरी असतो आणि कुणाचं लिहून घेतलं गेलं, कुणाचं नाही, यावरून समाज ओळखता येतो, असं मी मानते.

जनाबाईंच्या नावावर एक अभंग आहे. त्यात त्यांनी कोणत्या संताचे शब्द कोणी लिहून घेतले, याची यादीच दिली आहे. ज्ञानदेवांचे शब्द चिदानंदबाबांनी लिहिले, निवृत्तिनाथांचे सोपानदेवांनी, मुक्ताईचे खुद्द ज्ञानदेवांनी. सावता माळ्याचे अभंग काशिबा गुरवाने लिहिले आणि चोखामेळ्याचे अनंतभट्टाने. स्वतःबद्दल जनाबाई सांगतात की त्यांचे शब्द लिहायला पांडुरंग बसला.

या यादीपाशी जरा थांबू या. एखाद्या भाषेतल्या कवयित्रीला आपल्या काळातल्या लेखनिकांची नावं नोंदवून ठेवावीशी वाटावीत, ही साधी गोष्ट नाही. पुस्तकाच्या सुरुवातीला आज आपण ऋणनिर्देश छापतो. जनाबाईंनी एका संपूर्ण चळवळीचा ऋणनिर्देश अभंगातच करून ठेवला. आणि त्या नावांमधली नाती पाहा. थोरल्या भावाचे शब्द धाकटा भाऊ लिहितो. धाकट्या बहिणीचे शब्द ज्ञानेश्वरीचा कर्ता लिहितो. चोखोबांना पंढरपूरच्या देवळात पाऊल टाकता येत नव्हतं. मंगळवेढ्याला कुसू कोसळून त्यांचा अंत झाला आणि त्यांची समाधीही त्या देवळाच्या महाद्वाराबाहेरच आहे. त्यांचे अभंग लिहून घ्यायला मात्र एक अनंतभट्ट बसला. देवळाचा उंबरठा त्या काळाला ओलांडता आला नाही. पण त्या उंबरठ्याबाहेर, एकाचं बोलणं आणि दुसऱ्याचं लिहिणं एवढ्यापुरती का होईना, उतरंड उलटी झाली. शिकलेला माणूस खाली बसला आणि ज्याला शिकू दिलं नव्हतं तो सांगू लागला. चोखोबांच्या अभंगांत जी धग आहे ती त्यांची आहे. ती आपल्यापर्यंत पोहोचली याचं श्रेय त्या बैठकीलाही आहे.

याच परंपरेत पुढे तुकोबांजवळ चाकणचे संताजी तेली जगनाडे आहेत. त्यांच्या वह्यांवरून वि. ल. भावे यांनी विसाव्या शतकात तुकोबांचा गाथा छापला. तेलघाणा चालवणाऱ्या माणसाच्या हस्ताक्षराने अभ्यासकांना शतकानुशतकांनंतर आधार दिला.

याच्याही मागे जाऊ. तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी बोलत होते. त्यांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. त्यांच्यानंतर त्यांचे शिष्य नागदेवाचार्य यांच्या सांगण्यावरून म्हाइंभटाने स्वामींच्या आठवणी गोळा केल्या. ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं, त्यांच्यापाशी जाऊन तो विचारत राहिला. सुमारे १२७८ साली त्यातून लीळाचरित्र तयार झालं. मराठी गद्याचा तो पहिला मोठा ग्रंथ.

त्या ग्रंथाची भाषा सांगणाऱ्यांची आहे. त्यात बाजार आहे, भांडणं आहेत, जेवणाची पानं आहेत, बायकांचे रोखठोक प्रश्न आहेत. स्वामींची शिष्या महदाइसा पुन्हा पुन्हा प्रश्न विचारते आणि स्वामी उत्तर देतात. तिने विचारलं नसतं तर पुष्कळसं बोललंच गेलं नसतं. ग्रंथाच्या परंपरेत एकाच प्रसंगाच्या निरनिराळ्या आठवणीही जपलेल्या सापडतात. अमक्याने असं सांगितलं, तमक्याला ते वेगळं आठवतं. म्हाइंभट विद्वान होता. सगळ्या आठवणींचं एक सुबक, गुळगुळीत चरित्र त्याला लिहिता आलं असतं. त्याने तो मोह टाळला. पुढे पंथातल्याच केशवबासाला संस्कृतात लिहायचं होतं, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्याला अडवलं. असं केलंस तर माझ्या म्हाताऱ्या बायका वंचित राहतील, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. ज्यांच्याकडून आठवणी घेतल्या, त्यांना त्या परत वाचता-ऐकता आल्या पाहिजेत, हा विचार त्यामागे मला दिसतो. लोकांकडून घेतलेलं लोकांना परत मिळालं पाहिजे, याहून मोठी लेखननीती मला माहीत नाही.

त्याच पंथाच्या ग्रंथांचं पुढे काय झालं, हेही सांगायला हवं. ते सांकेतिक लिप्यांत बंदिस्त झाले आणि पंथाबाहेरच्या मराठी माणसाला कित्येक शतकं त्यांचा पत्ता नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाडे यांनी त्यांतल्या ‘सकळ’ नावाच्या लिपीचा उलगडा केला, तेव्हा हा खजिना उघडला. नुसतं लिहून ठेवणं पुरेसं नसतं. लिहिलेलं दार उघडं ठेवून सांभाळावं लागतं.

आता आपल्याला जवळच्या काळात येते. १९३२ साल, धुळ्याचा तुरुंग. सविनय कायदेभंगाच्या चळवळीतले सत्याग्रही तिथे कैदेत होते. २१ फेब्रुवारीपासून दर रविवारी विनोबा गीतेच्या एकेका अध्यायावर बोलू लागले. १९ जूनला अठरावा अध्याय झाला. समोर बसलेल्या कैद्यांमध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातली नोकरी सोडून चळवळीत उतरलेले एक शिक्षक होते, पांडुरंग सदाशिव साने. ते हातात वही घेऊन बसत आणि विनोबांचे शब्द टिपून घेत. ती टिपणं म्हणजे आजचं ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक. भारतातल्या अनेक भाषांत ते गेलं आहे.

विनोबा मितभाषी, तर्काला पक्के. साने गुरुजी भावनेने भरलेले, डोळ्यांत चटकन पाणी येणारे. दोघांचा स्वभाव वेगळा, श्रद्धेची तऱ्हाही वेगळी. ‘गीता प्रवचने’ वाचताना मात्र साने गुरुजी कुठे आडवे येत नाहीत. तिथे वाक्यं विनोबांचीच आहेत, आखूड, थेट, दृष्टान्त देऊन पुढे सरकणारी. एवढ्या भरून आलेल्या मनाच्या माणसाने एवढं बाजूला होणं, याला मी साधना म्हणते. शब्द गोळा करताना स्वतःचं मन रिकामं ठेवावं लागतं. त्यासाठी जी शिस्त लागते ती कवितेला लागणाऱ्या शिस्तीहून तसूभरही कमी नाही.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिलं, अवघ्या काही दिवसांत. त्या पुस्तकाची रचना आठवा. आश्रमात संध्याकाळची प्रार्थना होते, मित्र जमतात, श्याम बोलू लागतो. प्रकरणांना ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशी नावं आहेत. अशा ४२ रात्री. म्हणजे मराठीतल्या सर्वांत लाडक्या पुस्तकांपैकी एकात श्रोते पुस्तकाच्या आतच बसलेले आहेत. ते प्रश्न विचारतात, गहिवरतात, उद्या लवकर येऊ म्हणतात. आधीच्या वर्षी ओळीने १८ रविवार दुसऱ्याचं ऐकत बसलेल्या माणसाने हे पुस्तक लिहिलं, याचा परस्परसंबंध आहे असं मला मनापासून वाटतं. ऐकण्याने त्यांचा लेखक आटला नाही, उलट त्याला बळ मिळालं. स्त्रियांच्या ओव्या गोळा करून त्यांनी ‘स्त्रीजीवन’ सिद्ध केलं, तेही याच ओढीने. आणि १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरच्या विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून प्राण पणाला लावून त्यांनी उपोषण केलं, तेव्हाही ते आयुष्यभर ऐकत आलेल्या माणसांच्याच बाजूने उभे होते. चोखोबांना जो उंबरठा अडला तो त्यानंतर मोकळा झाला.

खानदेशातच आणखी एक बैठक झाली. असोद्याच्या माहेरवाशीण बहिणाबाई चौधरी लिहायला-वाचायला शिकल्या नव्हत्या. शेतात, चुलीपाशी, जात्यावर त्या गाणी रचत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि घरातल्याच दुसऱ्या एका आप्ताने त्यातली काही गाणी कागदावर उतरवली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी तो कागदांचा जुडगा आचार्य अत्र्यांना दाखवला आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. सोपानदेव स्वतः कवी होते, नव्या वळणाचे. आईची लेवा बोली सुधारून तिला पुस्तकी करण्याचा मोह त्यांना झाला असता तर? त्यांनी ती बोली जशीच्या तशी राहू दिली. आज शाळेतल्या मुलांना बहिणाबाई पाठ येतात, त्याचं एक कारण हा संयम आहे.

इथपर्यंत मी ज्यांचं लिहून घेतलं गेलं त्यांच्याबद्दल बोलले. आता ज्यांचं घेतलं गेलं नाही त्यांच्याकडे वळते.

महाराष्ट्रात व्याख्यानं ऐकण्याची जी शिस्त आहे, तिचा पाया न्यायमूर्ती रानड्यांनी घातला. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ साली त्यांनी सुरू केली. आजही ती चालू आहे आणि आपली ही मालाही तिच्याच गोत्रातली. त्याच रानड्यांनी १८८५ साली मराठी ग्रंथकारांच्या सभेचं निमंत्रण जोतीराव फुल्यांना पाठवलं. जोतीरावांनी यायला नकार दिला आणि त्याची कारणं पत्रातून कळवली. ज्यांच्या ग्रंथांत आमच्या लोकांच्या सुखदुःखांचा मेळ नाही, त्यांच्या सभेत येऊन आम्हांला काय मिळणार, असा त्या पत्राचा रोख होता. रानडे थोर होते, त्यांचा हेतूही शुद्ध होता. तरी जोतीरावांचा आक्षेप अचूक होता. सभेचं दार उघडं ठेवणं ही पहिली पायरी झाली. सभेतल्या वहीत कुणाचं बोलणं उतरतं, हा त्यानंतरचा प्रश्न आहे आणि तो आजही सुटलेला नाही.

त्या प्रश्नाची उत्तरं पुढे अनेकांनी कष्टाने शोधली. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी आपल्या समाजाची आणि त्यातल्या बायकांची कहाणी लिहून काढली आणि घरच्यांच्या नजरेपासून सुमारे वीस वर्षं लपवून ठेवली. फलटणमध्ये स्थायिक झालेल्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांच्यापाशी ते लिखाण आलं. त्यांनी आग्रह धरला आणि १९८६ साली ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने आलं. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना घरोघर जाऊन गाठलं, त्यांच्या आठवणी लिहून घेतल्या आणि १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ सिद्ध केलं. त्या पुस्तकाच्या आधी चळवळीच्या इतिहासात या बायका जवळजवळ नव्हत्या. मोर्चात होत्या, परिषदांत होत्या, तुरुंगात होत्या, पण कागदावर नव्हत्या. दोघी जणी पिशवीत वही घालून निघाल्या आणि इतिहासाचं एक अख्खं दालन उघडलं.

मुळशी-मावळाच्या डोंगरगावांत हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढे इतर जिल्ह्यांतल्या गावांतूनही भर पडत गेली आणि तो संग्रह लाखाच्या वर गेला. विठ्ठल, सीता, भाऊ, माहेर, डॉ. आंबेडकर, सासूचा जाच, लेकीचं लग्न, सगळं त्यात आहे. प्रत्येक ओवीसोबत सांगणारीचं नाव आणि गाव नोंदवण्याची काळजी त्यांनी घेतली. मला ती नोंद ओवीइतकीच मोलाची वाटते. आपल्याकडे बायकांच्या रचनांना ‘लोकसाहित्य’ असा एक मोठा शिक्का मारला की नावं विचारायची गरज उरत नाही. ‘लोक’ म्हणजे नाव असलेलीच माणसं असतात.

या कामाच्या ओढीने मीही काही गावांत बसले आहे. एका आजींचं सांगते. घरी पिठाची गिरणी कधीच आली होती, जातं पडवीच्या कोपऱ्यात उभं करून ठेवलेलं. मी म्हटलं, आजी, एखादी ओवी सांगा. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले, पण शब्द येईनात. मग म्हणाल्या, “बाई, अशी नुसती बसून ववी कशी यील? खुंट्याला हात लागल्याबिगर गळा उघडत न्हाई.” नातवाने जातं आडवं करून दिलं. आजींनी पाटावर बसून एक पाय लांब सोडला, मूठभर ज्वारी आत सोडली आणि मला म्हणाल्या, “तू बी धर.” आम्ही दोघींनी खुंटा धरला. दगड फिरायला लागला आणि चार-सहा फेऱ्यांत आजींच्या गळ्यातून एकामागून एक ओव्या निघाल्या. मेलेल्या बहिणीची, सासरच्या वाटेची, पंढरीची. मला लिहिता येत नव्हतं, कारण हात खुंट्यावर होता. थांबले तर जातं थांबणार आणि ओवीही थांबणार. ध्वनिमुद्रण चालू होतं म्हणून शब्द राहिले. पण मला त्या दिवशी जे कळलं ते ध्वनिमुद्रणात नाही. ऐकणाऱ्याला सांगणाऱ्याच्या कामात हात घालावा लागतो. निम्मं ओझं उचलावं लागतं. जनाबाईंच्या कथेत विठ्ठल त्यांच्यासोबत दळायला बसतो, आणि त्यांच्याच अभंगात तोच त्यांचे शब्द लिहितो. दळू लागणारा आणि लिहून घेणारा एकच आहे, ही कल्पना ज्या समाजाला सुचली त्याला निर्मितीचं मर्म कळलेलं होतं.

आता श्रद्धेबद्दल. वयाच्या या टप्प्यावर लोक मला विचारतात, तुमचा देवावर विश्वास आहे का? मी वारीत चालले आहे, बुद्धविहारात बसले आहे, घरी देव्हारा आहे आणि त्यापुढे दिवा लावताना माझं मन शांत होतं. पण माझी श्रद्धा कशावर आहे, असं कुणी खोदून विचारलं तर मी सांगेन की ती माणसाच्या बोलण्यावर आहे. कुठलाही माणूस, कितीही न शिकलेला, कितीही दबलेला, त्याच्यापाशी सांगण्यासारखं असं काही असतं जे दुसऱ्या कुणाकडेच नसतं. हे सिद्ध करता येत नाही. ते आधी मानावं लागतं आणि मग शेजारी जाऊन बसावं लागतं. म्हाइंभट, अनंतभट्ट, साने गुरुजी, सोपानदेव चौधरी, हेमाताई, ही सगळी माणसं आधी मानून मग बसली.

आणि ही श्रद्धा घरात पेलायला सर्वांत अवघड. १८८८ साली पक्षाघाताने उजवा हात गेल्यावर जोतीरावांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहिलं. ते त्यांच्या निधनानंतर, १८९१ साली छापलं गेलं. त्यात त्यांनी एका कुटुंबाचं चित्र रंगवलं आहे. आई बौद्ध, वडील ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि सगळे एका छपराखाली एकमेकांचा द्वेष न करता राहतात. आज एकाच घरातली दोन माणसं दोन पक्षांची असली तर जेवणाच्या ताटावर बोलणं बंद होतं. जोतीरावांचं ते घर उभारायचं तर एकमेकांशी सहमत होण्याची गरज नाही. समोरच्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत आपल्याला सांगता आलं पाहिजे आणि ते ऐकून त्याने म्हटलं पाहिजे, हो, मला हेच म्हणायचं होतं. लिहून घेणाऱ्याची जी कसोटी, तीच शेजारधर्माची कसोटी आहे. लोकशाहीचीही तीच.

२०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपण आनंद केला, तो रास्त होता. पण ज्या जुन्या ग्रंथांचा आपल्याला अभिमान वाटतो, त्यांतले कितीतरी ऐकणाऱ्यांनी घडवले आहेत. आज ऊसतोड कामगारांच्या कोप्यांत, गिरण्या बंद पडलेल्या गिरणगावच्या खोल्यांत, मासळीच्या बाजारात, वृद्धाश्रमांत कितीतरी माणसं आपापली लीळाचरित्रं मनात घेऊन बसली आहेत. प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचं यंत्र आहे आणि तरीही त्यांच्याजवळ बसायला कुणी नाही. यंत्र आवाज साठवतं. पुढचा प्रश्न विचारायला माणूसच लागतो.

म्हणून या वाचनालयाला आणि तुम्हा सगळ्यांना माझं एक मागणं आहे. इथे एक कपाट अशा वह्यांसाठी राखून ठेवा. जो कुणी सभासद गावातल्या एखाद्या माणसाचं बोलणं लिहून आणेल, त्याची वही त्यात ठेवा. नियम थोडे असावेत. सांगणाऱ्याचं नाव आणि गाव त्याच्या संमतीने आधी लिहावं. बोली सुधारू नये. दोन माणसांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही ठेवाव्यात. लिहून झाल्यावर वही सांगणाऱ्याला वाचून दाखवावी आणि त्याने दुरुस्ती सांगितली तर ती करावी. कपाटाला कुलूप नसावं. तरुण मुलांनी कविता लिहाव्यात, कथा लिहाव्यात, पण त्याआधी अशी एक तरी वही पूर्ण करावी. स्वतःची भाषा सापडायला दुसऱ्याच्या भाषेत काही काळ राहावं लागतं आणि त्याला याहून चांगली शाळा मला दिसत नाही.

या आठवड्यात घरातल्या किंवा गल्लीतल्या एका वडीलधाऱ्या माणसापाशी जा, ज्याला बरेच दिवसांत कुणी काही विचारलेलं नाही. त्याच्या हातात काही काम असेल तर त्यात हात घाला. मग विचारा आणि लिहून घ्या.